सोळा भाग आणि एक रकाना

मनुष्याने पन्नाशी उलटल्यावर नवे व्यसन जडवून घेऊ नये, असे आमचे मत होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरच्या आमच्या राहत्या घरातच त्या मताचा पराभव झाला. आमची कन्या सुट्टीसाठी घरी आली होती आणि तिच्यासोबत कोरियन मालिकाही आल्या होत्या. दोन दिवस आम्ही वर्तमानपत्राआडून त्यांच्याकडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी आपला अभिप्राय जाहीर केला : गुळगुळीत चेहऱ्याचे नायक, बारीकसारीक गोष्टींवरून रडणाऱ्या नायिका आणि पावसात दोघांत एक छत्री, यापलीकडे यात काही असणे संभवत नाही.

कन्येने दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला आणि शांतपणे विचारले, "बाबा, पुस्तक न वाचता रसग्रहण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही किती गुण देता?"

आम्ही शून्य देतो. तेव्हा चष्मा पुसून समोर बसणे भाग पडले. त्या सुट्टीत आणि नंतरच्या रविवारी मिळून आम्ही पाच-सहा मालिका पाहिल्या. त्यांविषयीचे आमचे प्रामाणिक मत येथे नोंदवीत आहो.

पहिला गुण असा की, या मालिका संपतात. आपल्याकडील दैनंदिन मालिकांची सवय असलेल्यांना याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहणार नाही. बहुतेक कोरियन मालिका सोळा भागांच्या; एकेक भाग तासा-सव्वातासाचा; आणि सोळाव्या भागानंतर पडदा. लेखनही बहुधा एका हातचे असते. त्यामुळे तिसऱ्या भागात सहज पडलेले वाक्य चौदाव्या भागात अर्थ घेऊन परत येते. कादंबरीच्या वाचकाला हे सुख ठाऊक आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत ते मिळणे कठीण, कारण तेथे शेवट कसा व्हावयाचा हे लेखकालाही आरंभी ठाऊक नसते.

दुसरा गुण भाषेचा. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला तो जाणवल्यावाचून राहत नाही. कोरियन भाषेत बोलणाराने समोरच्याला किती मान दिला, हे क्रियापदाच्या रूपावरूनच समजते. प्रेमी युगुल आदरार्थी बोलणे सोडून प्रथमच एकेरीवर येते, तेव्हा ती कथेतील मोठी घटना असते. खालच्या इंग्रजी ओळींत मात्र दोन्हीकडे तेच एक सर्वनाम. 'अहो'वरून 'अरे'वर येण्याचे अंतर ज्याच्या कानांना ठाऊक आहे, त्याला ही घटना इंग्रजी ओळीवाचूनही समजते. अर्थात प्रत्येक गोष्ट अशी सहज पचत नाही. मुलगी आपल्या थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते आणि वयाने मोठ्या प्रियकरालाही 'ओप्पा'च म्हणते, हे ऐकून आमच्या सौभाग्यवती पहिल्या दिवशी दचकल्याच.

आता दोष. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेली 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही मालिका आम्ही आरंभी पाहिली. सोलमधील एका धनाढ्य घराण्यातील कन्या छत्रीच्या साहाय्याने आकाशात विहार करीत असता वावटळीत सापडते आणि थेट उत्तर कोरियाच्या हद्दीत एका झाडावर जाऊन अडकते. खाली उभा असलेला सेनाधिकारी देखणा, अविवाहित आणि पियानो वाजविणारा असतो. एवढे सहन करावे, तोच कळते की हे दोघे काही वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये एकमेकांच्या वाटेत आलेलेच होते. योगायोग हे कथेचे मीठ आहे हे मान्य. पण येथे मिठाचीच भाजी झाली आहे. अब्जाधीशांच्या घराण्याचा सोस तर या लेखकांना सुटतच नाही. याच लेखिकेच्या, म्हणजे पार्क जी-उन यांच्या, 2024 मधील 'क्वीन ऑफ टीअर्स'मध्येही तेच उद्योगसमूह, तीच वारशाची कारस्थाने. त्यात ऐन भावनेच्या प्रसंगी पात्रे जाहिरातीतल्यासारखी कॉफीचा पेला कॅमेऱ्यासमोर धरतात.

तथापि त्याच पहिल्या मालिकेत त्या सीमेपलीकडील खेड्यातील बायका आहेत. हिवाळ्यासाठी किमचीचे लोणचे घालणाऱ्या, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या आणि प्रसंग पडताच एकमेकींसाठी उभ्या राहणाऱ्या. वीज गेल्यामुळे माळावर थांबलेली आगगाडी आणि रात्र काढण्यासाठी पेटलेल्या शेकोट्या आहेत. 1953 मध्ये युद्ध थांबले, पण शांततेचा तह आजवर झालेला नाही. अशा दुभंगलेल्या देशातील माणसे पलीकडच्यांच्या स्वयंपाकघरात डोकावू पाहतात, हे त्या मालिकेचे खरे बळ. नायक-नायिका आम्ही विसरू; त्या बायका विसरणार नाही.

'स्क्विड गेम'चा जगभर गाजावाजा झाला, म्हणून तीही पाहिली. कर्जात बुडालेली 456 माणसे लहान मुलांचे खेळ खेळतात आणि हरणारा जिवाला मुकतो. 2021 मधील पहिल्या पर्वातील गोट्यांच्या खेळाचा भाग हा नाट्यलेखनाचा उत्तम नमुना आहे, हे आम्ही निःसंकोच सांगतो. 2024 आणि 2025 मधील पुढील पर्वे मात्र उसाच्या दुसऱ्यांदा पिळलेल्या चिपाडासारखी वाटली. ती मालिका मोठ्यांसाठी आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. आमच्या शाळेच्या मैदानावर पाचवीची मुले तो पहिला खेळ खेळताना आम्ही पाहिली आहेत. हललेल्या गड्याला ती 'बाद' म्हणत नव्हती, 'मेला' म्हणत होती.

येथवर आम्ही परीक्षकाच्या खुर्चीत निश्चिंत बसलो होतो. 'द ग्लोरी' या मालिकेने त्या खुर्चीवरून आम्हांला उठविले.

किम उन-सूक यांनी लिहिलेली ही मालिका 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या मार्चमध्ये अशा दोन भागांत आली. मून डोंग-उन ही गरीब घरची शाळकरी मुलगी. वर्गातील श्रीमंत मुलामुलींचे टोळके केस कुरळे करण्याच्या तापल्या उपकरणाने तिच्या अंगावर डाग देते. शेवटी ती शाळा सोडण्याचा अर्ज करते आणि कारणाच्या जागी घडले ते लिहिते. वर्गशिक्षक संतापतो, छळणाऱ्यांवर नव्हे, तिच्यावर. सर्वांसमक्ष तिला मारतो. पुढे तिची आईच पैसे घेते आणि कागदावर दुसरे, सोयीचे कारण येते : मुलीला शाळेशी जुळवून घेता आले नाही.

आम्ही म्हणालो, "ही अतिशयोक्ती झाली. असे शिक्षक नसतात."

सौभाग्यवती शेंगा सोलीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "असे मारणारे नसतीलही. न ऐकणारे असतात."

त्या हे सहज बोलल्या. आमच्याकडे रोख नव्हता. परंतु त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत आठवीचे वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा अडखळत बोलत असे. 'क' आणि 'प' ही अक्षरे त्याच्या ओठांवर अडून बसत. मुले त्याची नक्कल करीत. हजेरीच्या वेळी तो 'उपस्थित' म्हणू लागला की मागच्या बाकावरून तोच शब्द तुकड्यातुकड्याने ऐकू येई. एकदा मधल्या सुट्टीत तो आमच्याकडे आला. त्याची वही फाडलेली होती. त्याला सांगावयाचे होते, पण शब्द निघेनात. आणि आम्हांला तासाला जावयाचे होते. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "मुलांची थट्टा असते ती. मनावर घेऊ नये." आपण त्याचे सांत्वन केले, असे तेव्हा आम्हांला खरोखर वाटले होते.

दिवाळीनंतर त्याचे वडील दाखला मागावयास आले. मुलगा त्यांच्या मागे उभा होता. आम्ही विचारले, "कारण काय लिहू?" वडिलांनी मुलाकडे पाहिले, मुलाने जमिनीकडे. आमच्या हाती लेखणी होती आणि बाहेर आणखी तिघे-चौघे खोळंबले होते. शाळा सोडण्याच्या कारणाचा तो अरुंद रकाना आम्ही स्वतःच्या अक्षराने भरला : 'पारिवारिक कारण'. दाखल-खारीज नोंदवहीतही तेच दोन शब्द उतरविले. तो मुलगा पुढे कोणत्या शाळेत गेला, गेला की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही.

आम्ही कोणाला मारले नाही, कोणाकडून पैसे घेतले नाहीत. तरीही कोरियातील त्या कागदावर आणि आमच्या त्या कागदावर एकाच प्रकारचे असत्य लिहिले गेले. 'द ग्लोरी'चा उत्तरार्ध, म्हणजे त्या मुलीने मोठेपणी घेतलेला सूड, आम्हांला रुचला नाही. तो फार आखीव आहे आणि फार यशस्वी होतो. पण अर्जाचा तो प्रसंग ज्याने लिहिला, त्याला शाळा ठाऊक आहे.

त्यानंतर आम्ही या मालिकांत शाळाच शोधू लागलो आणि ती जागोजाग सापडली. 2022 मधील 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'ची नायिका स्वमग्न असलेली बुद्धिमान वकील. तिच्या एका खटल्यात एक तरुण शिकवणीच्या बसमधील मुलांना परस्पर टेकडीवर नेऊन मनसोक्त खेळवितो आणि आरोपी ठरतो. ती मुले रात्री दहापर्यंत शिकवणीत बसणारी. ही अतिशयोक्ती नव्हे. त्या देशात विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेतील इंग्रजी श्रवणाच्या प्रश्नांच्या वेळी विमानांची उड्डाणेही थांबवितात. 'आपल्या मुलांनी कोरियन मुलांसारखे झटावे' असे म्हणणाऱ्या पालकांनी तो भाग अवश्य पाहावा.

आमच्या गुणपत्रिकेत पहिला क्रमांक मात्र 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' या मालिकेचा. जेजू बेटावरील ही कथा. तेथील 'हेन्यो' म्हणविणाऱ्या स्त्रिया प्राणवायूच्या नळीवाचून, केवळ श्वास रोखून, समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले काढून आणतात. त्यांच्या परंपरेला युनेस्कोने 2016 मध्ये वारशाचा मान दिला. अशा एका हेन्योची मुलगी ऐ-सून हिला कवयित्री व्हावयाचे असते. आईला दिवसभर समुद्रात अडकवून ठेवणाऱ्या शिंपल्यावर ती लहानपणी रागाने कविता लिहिते. त्याच वयात वर्गात निवडणूक होते. ऐ-सूनला मते अधिक पडतात, तरी वर्गनायक होतो तो वजनदार घरचा मुलगा. तेथेही शिक्षक खलपुरुष नाही. तो केवळ सोयीचा निर्णय घेतो. हे आम्हांला अधिक बोचले.

या मालिकेचे मूळ कोरियन नाव जेजूच्या बोलीतले आहे. 'फार कष्ट उपसलेत' असे ते कृतज्ञतेने म्हणणे. राजधानीतील मनुष्य मात्र ते 'पुरते फसलात' असे ऐकेल, इतकी ती बोली वेगळी. आमच्या इंदुरी मराठीला पुण्याच्या नातलगांनी लग्नकार्यात किती वेळा हसून घेतले असेल! एवढ्या मोठ्या मालिकेने राजधानीकडे पाठ करून बेटावरच्या बोलीत आपले नाव ठेवावे, याचा आम्हांला विलक्षण आनंद झाला. दोष हाही की, प्रत्येक भागात रडविण्याचा लेखिकेचा निर्धार आहे आणि पती ग्वान-शिक जरा अतिच आदर्श आहे. आमच्या सौभाग्यवतींना हा दोष मान्य नाही.

एकंदरीत मत असे : निम्म्या मालिका वेळ घालविण्याच्या योग्यतेच्या आहेत, त्यांत घालवूही नये. उरलेल्यांत साध्या माणसांच्या कष्टांकडे आदराने पाहणारी दृष्टी आहे. त्या आपल्या मुलींना आवडतात त्या केवळ गुळगुळीत चेहऱ्यांमुळे, हे आमचे म्हणणे आम्ही मागे घेतो. कन्येने त्याबद्दल शंभरांपैकी पस्तीस गुण दिले आहेत, उत्तीर्णापुरते.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही एक लहानसा नियम केला आहे. कोणी दाखला मागावयास आले की पालकांना क्षणभर बाहेर बसवून मुलाला समोर खुर्ची द्यावयाची आणि तो बोलेपर्यंत थांबावयाचे. रकाना त्यानंतर भरावयाचा. पुष्कळदा वडिलांची बदली हेच खरे कारण निघते. दोनदा ते निघाले नाही, आणि ते दोन दाखले अद्याप आमच्या टेबलाच्या खणात आहेत.

आमचे लिपिक कुरकुरतात, "सर, इसमें टाइम बहुत जाता है."

जातो खरा. सोळा भागांना तरी कोठे कमी गेला होता?