हूटगळ्ळीहून कपिलेकाठी

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत भाचा कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे उतरलो तरी मला ओढ कपिलेकाठच्या नंजनगूडची होती. मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळी ४३ फूट असलेली पंचगंगा कोल्हापुरात ५५ फुटांवर गेली, त्याच दिवसांत इकडे कपिलेनंही पात्र सोडलं होतं.

भाच्याच्या पाळीतला एक सोबती नंजनगूडजवळच्या खेड्यातला. सुट्टीच्या दिवशी तोच आम्हाला घेऊन निघाला. म्हैसूर मागं पडलं, कडकोळ गेलं आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली. नदीकाठच्या मल्लनमूले मठापाशी त्यानं बोट दाखवलं. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी हा हमरस्ता इथं पाण्याखाली जाऊन बंद पडला होता.

श्रीकंठेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही घाटावर आलो. सोळाखांबी मंडप उघडा होता. पुरात तो बुडतो. कपिला म्हणजेच कबिनी. तिचं पाणी येतं केरळातल्या वायनाडातून. बीचनहळ्ळीचं धरण साडेएकोणीस टीएमसीचं, आपल्या कोयनेच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. ते पावसाळ्यात लवकर भरतं, आणि मग वायनाडात कोसळेल ते पाणी खाली सोडण्यावाचून इलाज नसतो. २०१९ मध्ये विसर्ग लाख क्युसेकच्या वर गेला होता. इथं आभाळ कोरडं असलं तरी बांधावर पाणी चढू शकतं.

तिथून सोबत्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं ताक दिलं आणि कन्नडमध्ये त्या पुराचं सांगू लागली. तो हिंदीत समजावत होता. आधी गुरं हलवली, मग भाताची पोती. चारा तसाच राहिला. पाणी उतरल्यावर केळीची झाडं उभी दिसत होती, पण मुळं कुजलेली, चार दिवसांत आडवी झाली. वैरण विकत घ्यावी लागली, पुढची लागवडही. ती झाली ती पोराच्या पगारावर. त्यांनी म्हैस विकली नाही, सावकाराचं दार गाठलं नाही. आमच्याकडेही मी हेच पाहिलंय: ज्या घरात दरमहा येणारा एक पगार आहे, ते घर पुरातून दुसऱ्या हंगामाला उभं राहतं.

शेजारच्या घरात तसा पगार नव्हता. ते खंडानं जमीन करतात. भात गेलं, पण पहाणीवर, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर, नाव मालकाचं. केंद्राच्या निकषांत तेव्हा बागायतीला हेक्टरी १३,५०० रुपये होते, तेही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर आणि दोन हेक्टरपर्यंतच. ते मालकाच्या खात्यावर गेले. खंड मात्र यांनीच भरला, बायकोचे दागिने गहाण टाकून. बी, खत, मजुरी यांनी घातली आणि भरपाई दुसऱ्याला. हा अन्याय माझ्या तालुक्यातही दर पुरानंतर होतो आणि पंचनामा करणाऱ्यालाही तो ठाऊक असतो. कसणाऱ्याचं नाव कागदावर आल्याशिवाय मदत त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

निघताना शेजारी आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला. पोराला हूटगळ्ळीत कुठं लावता येईल का, असं सोबत्याला विचारत होता. कंत्राटी काम असलं तरी चालेल म्हणाला. सोबत्यानं पोराचं शिक्षण विचारलं, नंबर घेतला, आणि बस आली.