मळलेली वाट

परवाच्या रविवारी बाबांची भाजीची सायकल घेऊन निघालो. गिरीज, निर्मळ करीत डांबरी रस्ता सोडला आणि केळीच्या वाड्यांतल्या खडीच्या वाटेला लागलो. हाडे खिळखिळी झाली, पण सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटापाशी पोचलो. हा प्राचीन बौद्ध स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला, हे मी पुस्तकात वाचले होते. घरी येऊन ऐटीत सांगू लागलो.

बाबा हसले. "त्या कुंपणाला सायकल टेकवून तीस वर्षे भाकरी खाल्ली रे. मला वाटे, मातीचा ढिगारा."

मी ओशाळलो. मी शोधलेली वाट त्यांच्याच चाकांनी मळलेली होती! येत्या रविवारी त्यांना नेणार आहे. टोपलीच्या जागी, कॅरिअरवर बसवून.