कापडी पंखांच्या वाटेवर : पाचोड ते जुहू (भाग दुसरा)

१२ ऑक्टोबर, पाचोड – धुळे

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो सात वाजता. आंबिया बहराची मोसंबी सुरू आहे. मार्केटबाहेर टेम्पो-पिकअपची रांग लागली होती आणि त्यातलाच एक पिकअप आमच्या गॅरेजच्या दारात येऊन बंद पडला. नासणारा माल, त्याला तसाच टाकून निघवेना. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, गाडी मार्गी लावली आणि मग आमची जीप काढली. सोबत भाचा आहे, आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करतो.

पाचोडवरून जाणारा हा सोलापूर-धुळे रस्ता आम्ही आजवर एका अंगाला बीड आणि दुसऱ्या अंगाला संभाजीनगर, एवढ्यापुरताच वापरला. याच रस्त्याच्या शेवटी धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, हे अण्णांनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागच्या भागात अण्णांविषयी लिहिलं होतं. अण्णा मूळचे पाचोडचे. उभा जन्म छोट्या विमानांच्या देखभालीत गेला, आता कांदिवलीला मुलाकडे असतात. दिवाळीत गावी आले की आमच्या गॅरेजात बसतात आणि पुष्पक या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या गोष्टी सांगतात. नाद लागला तो तिथून, आणि आता त्यांच्याकडेच निघालो होतो.

आडूळच्या अलीकडे जीप थांबवली. कपाशी फुटली आहे, वेचणीला बाया लागल्यात. भाच्याच्या हातावर एक बोंड ठेवलं आणि म्हटलं, विमानाचे पंख याचेच असायचे.

"मामा, कापडाचं विमान? वाऱ्यानं फाटत नसंल?"

पुष्पकचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. विलायतेत जुन्या विमानांना लिनन वापरत, अमेरिकेत लांब धाग्याचं, घट्ट विणीचं सुती कापड. कापड चढवलं की त्यावर डोप नावाचं द्रावण लावतात. ते सुकताना कापड आवळतं. हलगी शेकोटीवर धरली की चामडं कसं ताणतं, तसंच. भाच्याला हे लगेच समजलं, कारण हलगी त्यानं वाजवलेली आहे. ज्या मुलखात कापूस पिकतो आणि हलगी वाजते, तिथल्या पोराला विमानाचा पंख समजायला जड जात नाही, असं माझं मत झालं आहे.

संभाजीनगर, वेरूळ, कन्नड. औट्रम घाट उतरून चाळीसगाव. दिवस मावळताना धुळे.

१३ ऑक्टोबर, गोंदूर – नाशिक

आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती आणि मागितलीही नाही. कुंपणाबाहेर रस्त्याकडेला बसलो. मुंबईच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ची. तोच क्लब आता इथे मुलांना विमान चालवायला शिकवतो. सकाळभर एक छोटं विमान चकरा मारत होतं : उडायचं, डावीकडे वळायचं, मोठा चौकोन पुरा करून उतरायचं आणि चाकं टेकली न टेकली की पुन्हा वर. उतरण्याआधी दर वेळी त्याचा आवाज एकदम बसायचा. पहिल्यांदा भाचा उठून उभाच राहिला.

"इंजिन बंद पडलं का, मामा?"

नाही. पायलटनं थ्रॉटल मागे ओढला होता. इंजिन नुसतं फिरत ठेवून, पंखांच्या बळावर तो खाली येत होता. हलक्या विमानाची हीच खुबी आहे. ट्रॅक्टर बंद पडला की जागीच उभा राहतो. विमान बंद पडलं तरी पंख आपलं काम करत राहतात, पायलटला मोकळं रान हेरायला थोडा वेळ मिळतो.

याच धावपट्टीवरून २०२०मध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः बांधलेलं विमान उडवलं. मुंबईत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ते बांधलं. २०१६च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी सुटं करून खाली उतरवलं. २०१७मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याची नोंदणी केली. म्हणजे बांधून झालेल्या विमानाला नोंदणीपासून उड्डाणापर्यंत आणखी तीन वर्षं लागली. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. विमान बांधायला जेवढी चिकाटी लागली असेल, तेवढीच ती कागदांपाशी टिकून राहायला लागली असणार. हा मुद्दा दुसऱ्या दिवशी अण्णांकडे पुन्हा निघाला, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

दुपारनंतर आग्रा रोड. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची पाटी दिसली. मुक्काम नाशिक.

१४ ऑक्टोबर, कांदिवली

काकूंनी पोहे पुढे ठेवले, पण अण्णांना धीर नव्हता. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत मेणाच्या दोऱ्याची गुंडी, हातभर लांबीच्या दोन सुया, टोचणी आणि कापडात बांधलेली एक वही.

सुया पंखाच्या. नुसत्या डोपवर कापड टिकत नाही. वरच्या बाजूनं वाहणारी हवा त्याला उचलू पाहते, म्हणून ते पंखाच्या प्रत्येक फासळीला शिवावं लागतं. एक माणूस वरून सुई खुपसतो, दुसरा खालून ती परत पाठवतो, दर टाक्याला गाठ. अण्णा म्हणाले, "समोरचा माणूस दिसत नसतो. सुई कुठून येणार ते कापडाच्या हालण्यावरून ओळखायचं. दोघांचा हात जमला की बोलावंसुद्धा लागत नाही." त्यांनी भाच्याला उशीच्या अभ्र्यावर ती गाठ मारायला लावली. चौथ्या खेपेला जमली.

मग रंगाचे थर. आधी साधा डोप, त्यावर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला चंदेरी डोप आणि शेवटी रंग. चंदेरी थर शोभेचा नसतो. ऊन कापडाला कुजवतं, ते ऊन हा थर अडवतो. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात उघड्यावर उभ्या केलेल्या विमानाचं काय होत असेल, याचा अंदाज मला तेव्हा आला. पंखांच्या आणि धडाच्या पोटाला बारीक भोकं ठेवतात, आत साचलेलं पाणी निथळून जावं म्हणून. ती रंगानं बुजली की शेपटाकडच्या नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून दिसत नाही. जुनं विमान हाती आलं की पहिलं काम हेच : कापड उतरवायचं आणि खालच्या नळ्यांना टोचणी लावून पाहायची. टोचणी आत गेली तर ती नळी गेली.

पुष्पक पहिल्यांदा उडालं १९५८मध्ये. दोन आसनं शेजारी-शेजारी, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. दीडशेच्या आसपास विमानं बांधली गेली, बहुतेक फ्लाइंग क्लबांना मिळाली आणि देशातल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. पुष्पक बांधणाऱ्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या त्या काळातल्या विमानरचनेमागे मराठी माणूस होता : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. १९५१मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांच्याच रचनेचं. शाळेच्या पुस्तकात हे नाव मला कधी भेटलं नाही. भाच्यालाही नाही.

अण्णांनी ती वही शेवटी उघडली. एका पुष्पकच्या इंजिनाचं लॉगबुक. किती तास चाललं, कोणता सिलिंडर कधी बदलला, मॅग्नेटो कधी उघडला, प्रत्येक नोंदीपुढे सही. सत्तरच्या दशकातल्या काही सह्या अण्णांच्या आहेत. त्या विमानाचे दोन्ही पंख त्यांनी आणि एका सहकाऱ्यानं मिळून शिवले होते. पुढे ते शेडमध्ये पडून राहिलं आणि एक दिवस किलोच्या भावानं भंगारात गेलं. ज्यांनी विकलं त्यांचं नाव अण्णांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

"सांगाडा वाचवता आला असता का?" मी विचारलं.

"नळ्या जोडता येतात. कापड नवं चढतं. इंजिनाचं सामान आजही मिळतं. पण सांगाड्याचं लॉगबुक आधीच रद्दीत गेलं होतं. मूळ पंख किती तास उडाले, कुठला सांधा कधी वेल्ड केला, हे कुणालाच सांगता येईना. मग तपासणी अधिकाऱ्यानं कशाच्या आधारावर सही करायची?"

काकूंनी पोहे पुन्हा गरम करून आणले.

१५ ऑक्टोबर, जुहू

तारीख अण्णांनीच निवडली होती. १९३२च्या याच तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानानं निघाले, अहमदाबादला थांबून इथे जुहूला उतरले. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. एक इंजिन, १२० अश्वशक्ती. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहू तेव्हा चिखलाचं मैदान होतं, पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. म्हणून त्या दिवसांत टपालसेवेचा सगळा मुक्काम पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे.

बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीहून जुहूला आले. या वेळी लेपर्ड मॉथमधून, म्हणजे त्यांच्या तरुणपणीच्या, १९३०च्या दशकातल्या विमानातून. आणि २०२१मध्ये, त्याच तारखेला, मुंबईच्या आरोही पंडितनं पिपिस्ट्रेल सायनस हे छोटं विमान भुजहून अहमदाबादमार्गे इथे आणलं. भुजची धावपट्टी म्हणजे १९७१च्या युद्धात माधापरच्या बायांनी ७२ तासांत दुरुस्त केलेली.

१९८२चं उड्डाण मला सर्वांत मोलाचं वाटतं. नव्या विमानातून वर्धापन दिन साजरा करणं सोपं होतं. जुनं विमान शोधून, उघडून, तपासून पुन्हा हवेत नेण्याएवढी कुणाला तरी त्याची किंमत वाटली. हवाई दलानंही आपलं टायगर मॉथ इंग्लंडात पुन्हा बांधून घेतलं आणि २०१२च्या वायुसेना दिनाला हिंडनच्या हवाई तळावर उडवलं. पुष्पकसाठी असं काम आपल्याकडे, आपल्या हातांनी व्हावं, असं मला मनापासून वाटतं. ते तर इथलंच विमान.

भिंतीबाहेरून एक हेलिकॉप्टर उठताना पाहिलं. भाच्यानं विचारलं, "मामा, आपल्याला एखादं पुष्पक मिळंल का?" अण्णा म्हणाले, "आधी त्याची कागदं शोधा."

तेच इथे मागतो. तुमच्या घरी कुणी फ्लाइंग क्लबात मेकॅनिक, इंजिनिअर किंवा पायलट असेल, माळ्यावर, ट्रंकेत, क्लबच्या जुन्या कपाटात पुष्पकचं किंवा एचटी-२चं लॉगबुक असेल, तर ते रद्दीला घालू नका. पहिल्या पानावर व्हीटी आणि त्यापुढची तीन अक्षरं सापडतील. ती आणि शेवटच्या नोंदीची तारीख एवढंच एका पोस्टकार्डावर लिहून या मासिकाकडे पाठवा. अण्णांच्या पेटीतलं लॉगबुक आम्ही अशा लॉगबुकांच्या यादीत एक नंबरवर लिहून ठेवलं आहे.