पोरामागे किती?



सरकार एका पोराच्या माध्यमिक शिक्षणावर किती खर्च करतं, असं कुणी विचारलं तर आधी उलटं विचारायचं, कुठल्या पोराच्या?

पंचवटीतल्या फुलेनगरात मी दरवर्षी पंचवीस टक्क्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. म्हणून हा हिशोब तोंडपाठ. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत गेलेल्या पोरामागे सरकार त्या शाळेला पैसे देतं. वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये ठरले होते, कोविडच्या २०२०-२१ सालात ते ८,००० वर आणले. थकबाकीवरून संस्थाचालक बोंबलतात ते वेगळं. पण मुद्दा असा की हा पैसा आठवीलाच संपतो. कायदाच सहा ते चौदा वयाचा.

आमच्या गल्लीतली एक पोरगी आठवी पास झाली. शाळेनं चिठ्ठी दिली, नववीची फी ३२,००० भरा. आई मार्केट यार्डात कांदा निवडते. ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आली.

"भाऊ, आतापर्यंत सरकार भरीत व्हतं ना? मग आता सरकार मेलं का?"

काय सांगणार? मी म्हटलं, आक्का, मेलं नाही, तेवढ्यापुरतंच व्हतं. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेली पोर आता मराठी शाळेत कोपऱ्यात बसते. अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाईंच्या नावानं शिष्यवृत्ती आहे. आठवी ते दहावीला वर्षानुवर्षं महिना १०० रुपये, तेही दहाच महिने. ह्यात वह्या येतात का?

आता मराठी शाळेचं बघा. माध्यमिक शाळेला अनुदान मिळतं ते पोरामागे नाही, मास्तरामागे. पटावरून संचमान्यता होते, तेवढी पदं मंजूर, आणि पगार सरकार देतं. ऐकायला बरं वाटतं. खोच तारखेत आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारनं ठरवलं की नव्या शाळा 'कायम विनाअनुदानित'. जुन्या संस्था तोवर शंभर टक्क्यांवर बसलेल्या, गावाच्या मध्यात, मोठ्या मैदानासकट. आपल्या वस्त्यांतून पहिल्यांदा घरातली पोरगी नववी-दहावीपर्यंत जायला लागली ती बहुतेक ह्याच सुमाराला, आणि तिच्यासाठी कडेकडेनं ज्या शाळा निघाल्या त्यांच्या कपाळी 'कायम'. २००९ ला तो शब्द खोडला. पैसा? २०१६ ला २० टक्के. मग टप्पा, मग पुढचा टप्पा. दरम्यान मास्तर आझाद मैदानात. माझ्या ओळखीचा एक बीएड झालेला गणिताचा मास्तर दिवसा शिकवायचा आणि रात्री रिक्षा चालवायचा. सकाळी पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटायचे. नुकसान कुणाचं? त्या वर्गातल्या पोरांचं. एकच बोर्ड, एकच दहावीचा पेपर, पण एका पोराच्या मास्तराला पूर्ण पगार आणि दुसऱ्याच्या मास्तराला पंचमांश. आणि २०१२ च्या कायद्यानं तर स्वयंअर्थसहाय्यित शाळाच काढून दिल्या. म्हणजे सरकारनं हात धुतले. ज्याच्या खिशात आहे त्यानं शिकावं.

हे नवं नाही. जोतिबांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं हेच मांडलं, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळला जातो. बाबासाहेब मार्च १९२७ ला मुंबई कौन्सिलात आकडे घेऊनच उभे राहिले. शिक्षणावर माणशी चौदा आणे आणि दारूच्या महसुलात माणशी दोन रुपयांवर वसुली. जेवढं दारूतून काढता तेवढं तरी शिक्षणावर घाला, म्हणाले. आपण त्यांच्या जयंतीला डीजे लावतो, त्यांनी अंदाजपत्रक वाचलं होतं. (राग आला तर येऊ द्या.)

फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं आणखी एक डाव टाकला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरातली कुठली वस्ती आहे जिथं किलोमीटरात तशी शाळा नाही? पालक कोर्टात गेले. हायकोर्टानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो नियम रद्द केला. म्हणजे भांडलं की होतं.

तेव्हा आठवीची हद्द दहावीपर्यंत न्यायची मागणी आपण लावून धरायची. आणि तिच्या जोडीला माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न टाकायचे. आपल्या वॉर्डातल्या कुठल्या माध्यमिक शाळेला किती टक्के अनुदान, कधीपासून, आणि तिच्या पटावर आपली पोरं किती. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही. रविवारी संध्याकाळी विहारात बसू. येताना आठवी झालेल्या पोरांच्या फीच्या चिठ्ठ्या घेऊन या, झेरॉक्स मी काढतो.