विकलेल्या खुर्च्या

पवित्र गुरुवारची आराधना आटोपून घरी परतल्यावर मी फुटबॉलचा सामना पाहत बसलो, ही कबुली आधीच दिलेली बरी. २०२२ सालातील १४ एप्रिलची ती रात्र. सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजले होते; म्हणजे खरे पाहता शुभ शुक्रवार लागला होता. पुतण्याने टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. दिवसाचा तेवढा तरी मान राखला, असे आम्ही मनाचे समाधान करून घेतले.

आवाज नसल्यामुळेच असेल, पण प्रथम डोळ्यांत भरला तो रंग. सामना बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर होता. यजमानांचा रंग निळा-किरमिजी. मात्र प्रेक्षागारात जिकडेतिकडे पांढऱ्या पोशाखातील माणसे दिसत होती. पुतण्याने बुचकळ्यात पडून विचारले, “काका, मॅच जर्मनीत आहे की काय?” नव्हती. जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मैदानावरील पहिला सामना आठवड्यापूर्वीच १-१ असा बरोबरीत सुटला होता. ही युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीची दुसरी लढत, बार्सिलोनाच्या अंगणातली.

पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी सुमारे ५,००० जागा राखून ठेवलेल्या होत्या. प्रत्यक्षात आले अंदाजे २५ ते ३० हजार. ते एका कोपऱ्यात बसले नाहीत. यजमानांच्या ओळींत, पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुर्च्यांवर तीच ती कुटुंबे बसत आली असतील तेथे, शेजारी म्हणून बसले. सामन्याच्या चौथ्याच मिनिटाला कोस्तिचने पेनल्टीवर गोल केला आणि ते पांढरे कापड वाऱ्याने हलावे तसे हलले. पुढे बोरेने दुसरा व पुन्हा कोस्तिचने तिसरा गोल केला. बार्सिलोनाचे दोन्ही गोल अगदी शेवटी, जादा वेळात झाले. घरच्या मैदानावर ३-२ अशी हार.

मला त्या गोलांपेक्षा एक वेगळेच दृश्य आठवते. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा गोलामागे उभे राहून गाणी म्हणणारे बार्सिलोनाचे कट्टर चाहते जागेवर नव्हतेच. निषेध म्हणून ते बाहेर निघून गेले होते. काही मिनिटे ती जागा मोकळी राहिली, मग ते परतले. स्वतःच्या घरातून रुसून बाहेर पडायचे आणि पुन्हा स्वतःच आत यायचे, यापरता केविलवाणा निषेध तो कोणता!

कारण त्या खुर्च्या कोणी हिसकावून घेतल्या नव्हत्या. बार्सिलोना हा क्लब कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. तो त्याच्या सभासदांचा आहे. वर्षभराचे तिकीट असलेल्या सभासदाला एखाद्या सामन्यास यावयाचे नसल्यास तो आपली खुर्ची क्लबकडे सोपवतो, क्लब ती विकतो आणि त्या पैशाचा काही हिस्सा सभासदाला मिळतो. ‘मोकळी खुर्ची’ अशा अर्थाचेच त्या योजनेचे नाव आहे. त्यातून पवित्र सप्ताहाची सुट्टी! स्पेनमध्ये त्या दिवसांत माणसे गावी जातात, समुद्रावर जातात. (मिस्साला किती जातात, हा प्रश्न येथे नको.) जर्मनीतून होणाऱ्या खरेदीला आळा घालण्याचा प्रयत्न क्लबने केला होता म्हणे, परंतु तिकीट एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागले की त्याला देश कसला? सामन्यानंतर क्लबचे अध्यक्ष लापोर्ता यांनी घडल्या प्रकाराची लाज वाटते असे सांगितले. पुढे तिकिटांवर नावे घालण्याची भाषा झाली.

पुतण्या तरुण आहे, त्याचा न्याय झटपट असतो. तो म्हणाला, “यांनीच सीट विकल्या ना? मग आता रडतात कशाला?”

मी गप्प राहिलो. आम्ही तिघा भावांनी वडिलोपार्जित वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला तेव्हा हा पुतण्या पाळण्यात होता. आमच्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. घराची डागडुजी, एका बहिणीचे लग्न, आणि थोडा मोह. ज्या जागी बाबा केळीला पाणी सोडीत, तेथे चार मजल्यांची इमारत उभी राहिली. त्यानंतर गावच्या बैठकीत उभा राहून ‘गावात अनोळखी चेहरे फार झाले’ असे मोठ्या आवाजात बोलणारा मीच होतो. त्या बैठकीत मला कोणी काही विचारले नाही. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही काही ना काही विकलेलेच होते.

बार्सिलोनाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. १८९९ साली हा क्लब स्थापन करण्यासाठी वर्तमानपत्रात सूचना छापली ती हान्स गांपर या स्विस तरुणाने. जमलेल्या पहिल्या खेळाडूंत स्विस होते, इंग्रज होते, आणि एक जर्मनही होता. हान्सचा पुढे ‘जोआन’ झाला आणि आज तो घरचाच मानला जातो. मग अनोळखी म्हणावे कोणाला? तरीही त्या रात्री गोलामागची जागा रिकामी पाहून पोटात तुटले, ते काही खोटे नव्हते.

फ्रांकफुर्टने पुढे १८ मे रोजी सेव्हिया येथे पेनल्टींवर रेंजर्सला हरवून तो चषकही जिंकला.

सामना संपला तेव्हा अडीच वाजून गेले होते. काही तासांनी डोळे चोळीत आम्ही क्रुसाच्या वाटेला निघालो. मिरवणूक त्या चार मजली इमारतीसमोरून जाते; मी दरवर्षी तेथे मान खाली घालून प्रार्थना पुटपुटतो. या वेळी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एका मुलाने हात हलवला. माझ्याकडे पाहून नव्हे. पुतण्याने हात वर केला, आणि मी विचारण्यापूर्वीच हळूच मला त्याचे नाव सांगितले. रविवारी तो आमच्या गावच्या संघात गोलकीपर असतो.