माझे बुद्धिबळ

खेळाला नाव देताना आपल्या पूर्वजांनी थोडी दयाबुद्धी दाखवायला हवी होती, असे मला दर रविवारी रात्री वाटते. पत्त्यांत हरलेला माणूस पानांना दोष देतो, कॅरममध्ये हरलेला पावडरीला आणि क्रिकेटमध्ये हरलेला थेट पंचाला. बुद्धिबळात हरलेल्याला दोष द्यायला दुसरे काही उरतच नाही. खेळाच्या नावातच निकाल लिहून ठेवलेला! मराठीचा अध्यापक या नात्याने मी स्वतःपुरती एक सोय करून घेतली आहे. संस्कृतात 'बल' या शब्दाचा सैन्य असाही अर्थ आहे. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचे सैन्य. तेव्हा बुद्धिबळ म्हणजे बुद्धीने लढवायचे सैन्य, असा अर्थ मी लावतो. सैन्य हरले म्हणून सेनापती काही निर्बुद्ध ठरत नाही. इतिहासात दाखले हवे तेवढे आहेत. हा अर्थ मी मोठ्या उत्साहाने सौ.ला समजावून सांगितला, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे आजही हरलात वाटतं?"

मला हा खेळ शिकवला वडिलांनी, आणि तो देशी पद्धतीचा. आमच्या घरी प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह लागण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. प्यादे शेवटच्या घरी पोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, तोच मोहरा व्हायचा; हवा तेव्हा वजीर मिळण्याची चैन नव्हती. आणि मात करायची तर प्याद्याने. वजिराने केलेली मात वडिलांना पोलीस बोलावून भाडेकरू काढल्यासारखी वाटे. डाव संथ चाले, मध्ये चहा होई, शेजारचे दोघेतिघे येऊन दोन्ही बाजूंना सारखाच सल्ला देत.

पुढे मी शाळेत आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागलो आणि घरी येऊन वडिलांना ते नियम सांगू लागलो. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आता काय करायचंय नवं शिकून!" तेव्हा त्यांचे वय काही फार नव्हते. आज माझे आहे, साधारण तेवढेच. पंजाबातल्या मीर सुलतान खानाने देशी खेळात वाढून, नवे नियम मागाहून शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटनची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली, हे मी त्यांना एकदा सांगितले होते. त्यावर ते म्हणाले, "त्याला विलायतेला जायचं होतं. मला कुठं जायचंय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमचे मंडळ एका वाचनालयाच्या माडीवर भरते. आठ पट, चार घड्याळे, आणि एका हत्तीच्या जागी गेली कित्येक वर्षे औषधाच्या बाटलीचे बूच. पूर्वी येथे पेन्शनर मंडळींचे राज्य होते. हल्ली मुले येतात, आणि मुलांपाठोपाठ डबा, पाण्याची बाटली आणि आई असा लवाजमा येतो. २०२४ च्या डिसेंबरात अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला, २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या जिन्यातल्या चपलांचे आकार लहान झाले. वसंती खाडिलकर १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, त्या वेळीही असेच झाले होते, असे आमचे निवृत्त पोस्टमास्तर सांगतात; पण त्या काळी आया माडीवर येत नसत.

या मुलांबरोबर खेळण्यात एक हिशेबी अन्याय आहे, तो मला मांडलाच पाहिजे. प्रत्येक खेळाडूला एक गुणांकन असते. अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकाने ही पद्धत बसवली आणि १९७० साली जागतिक संघटनेने ती स्वीकारली. तुमच्यापेक्षा दोनशेने वरचढ असलेल्या खेळाडूने तुमच्याकडून शंभरात सुमारे शहात्तर गुण घ्यावेत, असा तिचा हिशेब. आता गंमत पाहा. माझ्यासारख्या प्रौढासाठी हिशेबाचा गुणक २० आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी, बरेच वर चढेपर्यंत, ४०. म्हणजे सारख्याच गुणांकनाच्या पोराने मला हरवले तर माझे दहा जातात आणि त्याला वीस मिळतात! माझ्या खिशातून पडलेली दहाची नोट त्याच्या खिशात जाताना वीसची होते. मुले झपाट्याने सुधारतात म्हणून ही तजवीज, हे मला कळते. प्रौढ सुधारत नाहीत हे त्यात गृहीत धरलेले आहे, हेही कळते.

तरी माझा आकडा एकदा चांगला चढला होता. पाच वर्षे पुस्तके वाचून, स्पर्धा खेळून मी १४५२ वरून १४८० पर्यंत आलो. मग १ मार्च २०२४ रोजी जागतिक संघटनेने दोन हजारांखालच्या सर्वांचे गुणांकन एका सूत्राने वाढवले आणि सकाळी उठून पाहतो तो मी १६८८! पाच वर्षांच्या अभ्यासाने अठ्ठावीस आणि एका रात्रीच्या झोपेने दोनशे आठ. महागाई भत्त्यात वाढ झाल्यावर होतो तसा आनंद मला झाला आणि तो तितकेच दिवस टिकला. कारण शेजाऱ्यालाही तो मिळालेला असतो. पुढल्या काही स्पर्धांत मुलांनी आपापले वीस-वीस उचलले. आज मी १६४१ वर आहे.

सुधारण्याचे मार्ग मी सगळे चाचपून पाहिले आहेत. डावाच्या सुरुवातीचे पाठांतर हा पहिला. कारो-कान बचावावरचा ग्रंथ घेतला, पहाटे उठून बारा-बारा खेळ्या घोकल्या. ग्रंथ उत्तम आहे. परंतु आमच्या पोस्टमास्तरांनी तो वाचलेला नसल्यामुळे ते तिसऱ्याच खेळीला वाट सोडून शेतात शिरतात आणि मग ग्रंथकार मला एकट्याला सोडून घरी जातो. दुसरा मार्ग संगणकाचा. डाव संपल्यावर तो त्याच्यापुढे ठेवला की प्रत्येक खेळीचे मोल दशांशचिन्हासह मिळते. हा परीक्षक अचूक आहे. पण तो नुसते गुण देतो, समासात शेरा लिहीत नाही. अठरा वर्षे उत्तरपत्रिका तपासत आलो आहे, म्हणून सांगतो, विद्यार्थी शिकतो तो समासातून.

माझी खरी समजूत पटवली ती एका डच मानसशास्त्रज्ञाने. आद्रियान द ग्रोट याने १९४६ साली एक प्रबंध लिहिला. बुद्धिबळातले महारथी आणि साधे चांगले खेळाडू यांना त्याने पटावरची स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला सांगितले. अपेक्षा अशी की महारथी पुष्कळ पुढच्या खेळ्या मोजत असतील. तसे काही फारसे आढळले नाही. फरक होता तो पाहण्यात; चांगली खेळी त्यांच्या नजरेत आधीच भरत होती. पुढे १९७३ साली चेस आणि सायमन या दोघांनी अमेरिकेत खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून झाकला आणि सोंगट्या पुन्हा मांडायला सांगितल्या. उस्तादाने पुष्कळशा जागच्या जागी ठेवल्या, नवशिक्याला चारपाच साधल्या. मग त्याच सोंगट्या वेड्यावाकड्या, कशाही विखरून दाखवल्या, तेव्हा उस्तादाची मिजास जवळजवळ संपली.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसून राहिलो. माझ्या धंद्यातली ही रोजची गोष्ट होती. पहिलीतले पोर 'क-म-ळ' असे वाचते. आपण 'कमळ' पाहतो. अक्षरे विस्कटली की आपणही पुन्हा पहिलीत. तेव्हा मला खेळ्या मोजायला शिकायचे नव्हते. मला वाचायला शिकायचे होते. प्रश्न एवढाच होता की पंचेचाळिसाव्या वर्षी नवी लिपी डोळ्यांत बसते का?

या प्रश्नाची मला भीती वाटते, आणि ती केवळ खेळापुरती नाही. वर्गात मी बोलतो तेव्हा कोणी अडवत नाही. टिपणांचे कागद पिवळे झाले आहेत, तरी मुले माना डोलावतात. अभ्यासक्रम बदलला की आमच्या स्टाफरूममध्ये माझ्याच वयाचे गृहस्थ चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "आता काय करायचंय नवं शिकून!" वाक्य शब्दशः वडिलांचे. मी त्यात सूर मिसळत नाही. पण मिसळावासा वाटतो, हे खरे. आठवड्यातून एकदा, वाचनालयाच्या त्या माडीवर मात्र माझ्या प्रत्येक म्हणण्याला समोरचा माणूस उत्तर देतो, आणि वयाकडे बघून माघार घेत नाही.

तिथेच पाचवीतल्या एका मुलीने मला गाठले. खेळ संपता संपता तिच्याकडे राजा आणि एक प्यादे, माझ्याकडे नुसता राजा. तिचा राजा प्याद्याच्या पुढे उभा, माझा त्याच्या समोर, मध्ये एक घर मोकळे. खेळी माझी. मी बाजूला झालो, तिचा राजा पुढे घुसला, प्यादे चालत गेले आणि वजीर झाले. मी हात पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि म्हणाली, "काका, तुमची खेळी होती ना, म्हणून हरलात. माझी असती तर बरोबरी होती."

मला वाटले, सांत्वन करते आहे. तर तिने तीन सोंगट्या पुन्हा मांडल्या, पट माझ्याकडे फिरवला आणि गप्प बसली. आता प्यादे माझे. दहा मिनिटे आम्ही तेच खेळलो. दोन राजे समोरासमोर ठाकले की हलणे हीच पंचाईत. ज्याची पाळी त्याने वाट द्यायची. तिने एक शब्द समजावून सांगितला नाही. फक्त माझी खेळी बिनसली की ती सोंगट्या मागे नेऊन ठेवी आणि वाट पाही. बी.एड.च्या वर्गात शिकवण्याची पद्धत म्हणून जे वर्षभर सांगतात, ते मी दहा मिनिटांत पाहिले. खाली आईने हाक मारली तशी ती डबा घेऊन पळाली.

त्यानंतर रात्री जेवण झाले की मी पटावर तीनच सोंगट्या मांडू लागलो. कापाब्लांकाने १९२१ सालच्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच या मोजक्या सोंगट्यांच्या शेवटांनी केली आहे, हे मला मागाहून आठवले. सौ.ने पहिल्या दिवशी विचारले, "बाकीच्या हरवल्या?" दुसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली, आणि तिसऱ्या दिवसापासून प्यादे तिच्याकडे असते.

गेल्या महिन्यात पोस्टमास्तरांशी खेळताना डाव बरोबर तिथे आला. त्यांचा राजा, त्यांचे प्यादे, आणि माझा एकटा राजा. प्यादे एक घर पुढे सरकले. माझ्या राजाला मागे सरायला तीन घरे होती: डावे, उजवे आणि सरळ मागचे. घड्याळात माझी चार मिनिटे शिल्लक होती; मला एकही लागले नाही. मी मोजले नाही, आठवलेही नाही. सरळ मागचे घर मला दिसले. पाटीवर लिहिलेला शब्द दिसतो तसे दिसले. त्यांचा राजा तिरका पुढे आला, माझा त्याच्या समोर गेला. प्यादे सातव्या घरी पोचले, राजाने ते राखले, आणि माझा राजा कोपऱ्यात नव्हे, भर मध्यावर कोंडला: शह नाही, हलायला जागा नाही. डाव बरोबरीत.

पोस्टमास्तर बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मंडळातला साधा डाव. त्याने कोणाच्या गुणांकनात काही फरक पडणार नव्हता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सर, हे कुठं शिकलात?"

"ती पाचवीतली मुलगी येते ना, तिच्याकडे."

"असं? मग मांडा बघू पुन्हा. प्यादं माझ्याकडेच राहू द्या."

त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. वाचनालयाचा शिपाई किल्ल्या वाजवत जिन्यात उभा होता. मी तिन्ही सोंगट्या मांडल्या, पट त्यांच्याकडे फिरवला आणि गप्प बसलो.