लेणीतला अंधार आणि कॅमेऱ्याचा हिशेब

फर्दापूर फाट्यावर एस.टी. बदलून आम्ही तिघे अजिंठ्याला पोहोचलो. गळ्यात कॅननचा १२००डी, २०१४ सालचे मॉडेल. वस्तीतले मंगल परिणय, जयंतीच्या मिरवणुका यानेच टिपल्या. आता नवी बॉडी घ्यावी म्हणून पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरून पिशवीत ठेवला होता.

पहिल्या लेणीत शिरलो. चित्रे जपायची म्हणून फ्लॅशला बंदी, ती योग्यच. पद्मपाणीसमोर उजेड अगदी मंद. आयएसओ ६४०० वर नेला, तरी फोटो दाणेदार, शिवाय हललेला. नव्या बॉडीत दाणे कमी दिसले असते, हे कबूल. पण माझी १८-५५ ची लेन्स! ५५ वर तिचे अ‍ॅपर्चर ५.६ च्या पुढे उघडतच नाही. मुलीने मैत्रिणीकडून ५० मि.मी.ची, १.८ ची लेन्स मागून आणली होती, ती लावली. कारकुनी सवयीने तिथेच हिशेब केला, जवळजवळ दहापट उजेड. पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या स्वच्छ उतरल्या.

सव्विसाव्या लेणीत मात्र तीच लेन्स अडली. महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब, मागे सरकावे तर खांब आडवे. मस्तक आले तर चरण राहिले. पुन्हा जुनी लेन्स चढवली, खाली बसलो, कोपरे गुडघ्यांवर टेकवली, श्वास रोखला. मूर्ती हलणार नव्हती, हलत होतो मीच.

रात्रीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांसाठी नवी बॉडी कामाची, पण तो प्रसंग वर्षातून एकदा.

परतताना सौ.नी विचारले, "मग त्या अर्जाचे काय?"

एस.टी.तच पेन काढले, रक्कम खोडली आणि लेन्सपुरती लिहिली.